आगोटीची तरतूद : कोकण रेल्वे व अपेक्षित बिघाडाचे व्यवस्थापन

माणगाव तालुक्यात मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घरोघर आगोटीची बेगमी सुरू होते. कौले चाळली जातात, जळाऊ लाकडे पडवीत येऊन पडतात, मीठमसाला व सुकी मासळी यांची चार महिन्यांची तजवीज केली जाते. पाऊस कोणत्या दिवशी येईल व किती पडेल हे कोणास सांगता येत नाही. परंतु तो येईल आणि छपरात जेथे फट असेल तेथूनच गळेल, याविषयी कोणाच्या मनात संदेह नसतो. त्याच सुमारास माणगावच्या रेल्वेस्थानकावरही एक आगोट चालू असते. कोकण रेल्वेने आपल्या मार्गावरील ज्या ९ स्थानकांवर स्वयंनोंदणी करणारे पर्जन्यमापक बसविले, त्यांत उत्तरेकडून पहिले माणगाव होय; पुढे चिपळूण, रत्नागिरी, विलवडे, कणकवली, मडगाव, कारवार, भटकळ व उडुपी ही स्थानके येतात. पर्जन्यमापक हे मुळात हवामानखात्याचे उपकरण. ते एका वाहतूक कंपनीच्या दैनंदिन कारभारात का शिरले, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो उद्योगनेतृत्वाचा प्रश्न आहे, आणि प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

यंत्रे व बांधकामे बिघडतात. त्यांतील काही बिघाड खरोखरीच अकल्पित असतात. त्यांच्या बाबतीत संस्थेची परीक्षा बिघाड घडून गेल्यानंतर होते. परंतु ज्या बिघाडाची चाहूल जाणकारांस अगोदर लागलेली असते, ज्याची नोंद कोठल्या तरी अहवालात झालेली असते, त्याच्या बाबतीत परीक्षा आधीच सुरू झालेली असते, मग संस्थेच्या चालकांना त्याची जाणीव असो वा नसो. अशा प्रसंगी अभियंत्याचे ज्ञान बहुधा अपुरे पडत नाही. अपुरा पडतो तो त्याचा अधिकार. डोंगराची कड सैल झाली आहे, एवढे तो सांगू शकेल. परंतु त्यासाठी गाड्या हळू चालवाव्यात, भाड्याचे उत्पन्न काही अंशी सोडावे, कर्जाच्या हप्त्यासाठी राखलेला पैसा दरडीवर खर्च करावा, आणि आपला मार्ग वर्षातील काही महिने दुबळा असतो याची जाहीर कबुली द्यावी, हे ठरविणे त्याच्या हाती नसते. हे सर्व निर्णय संचालक मंडळाच्या मेजावरचे आहेत. तेथे ते झाले नाहीत तर अभियंत्याचे ज्ञान कपाटात राहते.

हेन्री फेयॉल याने १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात उद्योगसंस्थेची ६ कार्ये सांगितली आहेत : तांत्रिक, व्यापारी, वित्तीय, संरक्षणविषयक, हिशेबविषयक आणि प्रशासकीय. प्रशासनाच्या आरंभी त्याने जी क्रिया ठेवली तिला वापरलेल्या फ्रेंच शब्दात पुढचे पाहणे आणि पुढच्यासाठी तजवीज करणे हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. मराठीत ‘तरतूद’ हा शब्द त्याच्या बराच जवळ जातो. तो अंदाजपत्रकातही चालतो आणि कोकणातल्या स्वयंपाकघरातही. फेयॉल हा मूळचा खाणीतील अभियंता. कोळसा आपोआप पेट कसा घेतो आणि खाणीवरची जमीन कशी खचते, या विषयांवर त्याने तरुणपणी अभ्यास केलेला होता. पाठ्यपुस्तकांतून त्याची १४ तत्त्वे विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली जातात. पायाखालची जमीन खचू शकते हे ज्याने प्रथम पाहिले आणि मग व्यवस्थापनाविषयी लिहिले, तो मनुष्य मात्र बाजूला राहतो.

कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये कंपनी म्हणून झाली. भागभांडवलात केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. उरलेल्या भांडवलाचा मोठा भाग करमुक्त कर्जरोख्यांतून उभा केला गेला. म्हणजे ही संस्था शासकीय असली तरी तिच्या माथ्यावर व्याजाचा भार खाजगी कंपनीसारखाच होता, आणि त्या भाराला पावसाळा-उन्हाळा नव्हता. पहिले अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झपाट्याने झाले. रोहा ते वीर हा उत्तरेकडील तुकडा १९९३ साली सुरू झाला. माणगाव त्यातच येते. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गाचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी कोलाड ते वेर्णा या टप्प्यात मालमोटारी रेल्वेच्या सपाट डब्यांवर चढवून नेण्याची सेवा निघाली. उत्पन्नासाठी ही संस्था किती कल्पक होती, याची ती साक्ष होय.

पुढील सर्व प्रश्नांचे मूळ मार्गाच्या आखणीत आहे. ताशी १६० किलोमीटरचा वेग पेलता यावा अशी दृष्टी ठेवून चढ १५० फुटांस १ फूट एवढ्यावर मर्यादित ठेवण्यात आला आणि वळणांची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी होऊ दिली नाही. जुन्या घाटमार्गांप्रमाणे डोंगराला वळसा घालीत जाण्याची मुभा या रुळांना राहिली नाही. डोंगर आडवा आला की तो पोखरावयाचा किंवा कापावयाचा. त्यामुळे ९० हून अधिक बोगदे व लहानमोठे सुमारे २००० पूल तर झालेच. शिवाय रेल्वेच्या बोलीत ज्यांना ‘कटिंग’ म्हणतात अशा डोंगर चिरून काढलेल्या खोल वाटा शेकडोंनी तयार झाल्या. बोगद्याला छप्पर असते. कटिंगला ते नसते. दोन्ही बाजूंस उभे कातळ व माती, आणि मध्ये रूळ.

ही माती व हे कातळ यांचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचे व्यवस्थापन समजणार नाही. रायगड व उत्तर रत्नागिरीत मूळ खडक काळा अग्निजन्य. त्याचा वरचा थर उष्ण व दमट हवेत कुजून त्याचे मुरमात व मातीत रूपांतर झालेले आहे, आणि त्या मातीत न कुजलेले धोंडे लाडवातल्या बेदाण्यांसारखे अडकलेले असतात. दक्षिणेकडे जांभ्याची पठारे लागतात. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी सहज खाली उतरते आणि तळाच्या ‘शेडी’ नावाच्या चिकण, भुसभुशीत मातीवर येऊन थबकते. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत पडणाऱ्या या प्रदेशात पाणी भरलेली माती जड होते व तिची पकडही सुटते. डोंगर अखंड असताना ज्या धोंड्यास समोरच्या मातीचा आधार होता, तो कटिंगमध्ये उघडा पडलेला असतो. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यातील दासगाव, जुई व कोंडिवते येथे आणि २०२१ च्या जुलैत तळिये येथे ज्या दरडी कोसळल्या त्यांनी हे दाखवून दिले की, या भागात न कापलेला डोंगरही पावसात शाश्वत नसतो. मग कापलेल्या डोंगराविषयी निराळे काय सांगावे?

२२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कारवारहून मुंबईस येणारी सुटीची विशेष गाडी कटिंगमध्ये घसरली. पन्नासाहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. एक वर्ष पुरे होण्याच्या आत, १६ जून २००४ रोजी सकाळी, मंगळूरहून मुंबईकडे येणारी मत्स्यगंधा एक्स्प्रेस माणगावच्या दक्षिणेस करंजाडी स्थानकाच्या परिसरात रुळांवर आलेल्या दगडांवर आदळली आणि तिचे डबे आंबोली पुलावरून खाली गेले. त्यातही दहाहून अधिक बळी पडले. दोन्ही अपघात जूनमधले आहेत, पावसाच्या पहिल्या जोराचे. पहिल्या अपघातास कोणी दैवाचा घाला म्हटले असते, तर ते वाद घालण्याजोगे का होईना, पण म्हणता आले असते. दुसऱ्यानंतर तो शब्द कोणासही वापरता येण्याजोगा राहिला नाही. ठिकाण ठाऊक नव्हते, दिवस ठाऊक नव्हता. पण ऋतू आणि प्रकार ठाऊक झाला होता. व्यवस्थापनाच्या दृष्टीने एवढे ज्ञान पुरेसे असते.

यानंतर जे उपाय झाले त्यांतील काही सर्वस्वी अभियांत्रिकी आहेत : कटिंगचे उतार कमी करणे, सैल धोंडे आधीच पाडून टाकणे, कातळात पोलादी गज ठोकून तो बांधणे, उतारांवर लोखंडी जाळ्या टाकणे, माथ्यावरचे पाणी दूर नेणारे चर खणणे. हा खर्च मोठा व दीर्घकालीन असतो आणि त्यातून एकही नवा प्रवासी मिळत नाही. हिशेबाच्या रूढ पद्धतीत नवे स्थानक ही मालमत्ता दिसते, जाळी टाकलेला डोंगर हा केवळ खर्च दिसतो. अशा खर्चास मंजुरी देणे हीच नेतृत्वाची एक कसोटी म्हणता येईल. परंतु त्याहून कठीण निर्णय दुसराच होता, आणि तो दगडमातीशी नव्हे तर कागदाशी संबंधित होता.

तो म्हणजे पावसाळी वेळापत्रक. या अपघातांनंतर पावसाळ्यासाठी स्वतंत्र, संथ वेळापत्रक हे कोकण रेल्वेच्या कारभाराचे कायमचे अंग बनले. अनेक वर्षे ते १० जून ते ३१ ऑक्टोबर या काळात लागू असे. त्याचा अर्थ इतकाच नव्हे की गाड्या सावकाश चालतात. पावसात चालकाने वेग कमी केला तर गाडी उशिरा येते आणि उशीर हा चालकाच्या नावावर चढतो; वेळापत्रकच संथ असेल तर सावकाश चालणारी गाडी वेळेवर असते. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. परंतु वेग आणि सुरक्षितता यांतील ओढाताण कारखान्यात असो वा रुळांवर असो, शेवटी सर्वांत खालच्या माणसाच्या अंगावर येऊन पडते, आणि वेळापत्रक बदलून ती ओढाताण त्याच्या अंगावरून काढून संचालकांनी आपल्या अंगावर घेतली. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई–मडगाव वंदे भारत एक्स्प्रेसचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. देशातील सर्वांत वेगवान म्हणून गाजलेली ही गाडी कोरड्या दिवसांत पावणेआठ तासांच्या आसपास अंतर कापते व आठवड्यातून ६ दिवस धावते. पावसाळ्यात तिला सुमारे १० तास देण्यात आले आणि फेऱ्या आठवड्यातून ३ वर आणल्या गेल्या. प्रतिष्ठेच्या गाडीसही जो नियम सोडत नाही तोच नियम खरा धरावा.

आता माणगावच्या पर्जन्यमापकाकडे पुन्हा वळता येईल. त्याच्या जोडीस नद्यांवरील पूरसूचक यंत्रे आहेत : माणगाव व वीर यांच्या दरम्यान काळ नदीवर, वीर व सापे वामणे यांच्या दरम्यान सावित्रीवर, आणि चिपळूण व कामथे यांच्या दरम्यान वाशिष्ठीवर. पाणी धोक्याच्या पातळीस आले की ती इशारा देतात. रत्नागिरीजवळचा पानवल येथील उंच पूल, गोव्यातील मांडवी व जुवारी आणि होन्नावरनजीकची शरावती येथे वाऱ्याचा वेग मोजला जातो. पावसाळ्यात सहाशेहून अधिक माणसे रुळांवर गस्त घालण्यासाठी व धोक्याच्या ठिकाणी पहारा देण्यासाठी नेमली जातात. बेलापूर, रत्नागिरी व मडगाव येथील नियंत्रण कक्ष अहोरात्र जागे असतात. आणि मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाल्यास चालकाने वेग ताशी ४० किलोमीटरवर आणावा असा दंडक आहे.

या यादीत चकित करणारे यंत्र एकही नाही. पर्जन्यमापक जुना, गस्तवाला त्याहून जुना. नवे आहे ते यांच्या मागचे अधिकारपत्र. पर्जन्यमापकातून निघतो तो केवळ एक आकडा. अमुक आकडा झाला की अमुक करावे, हे आधी कोणीतरी ठरवून ठेवले असेल तरच तो उपयोगी पडतो. पाऊस कोसळत असताना, रात्री २ वाजता, बेलापूरला विचारणा करून निर्णय घेण्यास सवड नसते. म्हणून निर्णय कोरड्या दिवसांत घेऊन ठेवावा लागतो आणि अंमलाचा हक्क हाती दिवा घेऊन रूळ तपासणाऱ्या माणसाकडे सोपवावा लागतो. त्यात एक किंमत अंतर्भूत आहे, जी फारशी बोलली जात नाही. गस्तवाल्याने दाखविलेले काही लाल दिवे निष्कारण ठरणार. अंधारात त्याला धोंडा वाटलेली वस्तू सकाळी मातीचे ढेकूळ निघणार, गाडी तासभर खोळंबणार, प्रवासी कुरकुरणार. अशा वेळी त्यास जाब विचारला गेला, तर पुढच्या खेपेस तो खात्री करून घेण्यासाठी चार पावले पुढे जाईल. आणि ती चार पावले चालण्यास लागणारा वेळ हाच सर्व प्रश्न आहे. खोट्या इशाऱ्याचा खर्च आगाऊ मान्य करणे, हे काम फक्त शिखरावरील व्यक्तीच करू शकते. गस्तवाल्याचा वरिष्ठ ते करू शकत नाही, कारण उशिरांचा हिशेब त्यालाही द्यावा लागतो.

याच्या उलट चित्र रेल्वेच्या सावित्री पुलापासून थोड्याच अंतरावर, महाडजवळच्या रस्त्यावर, दिसले. मुंबई–गोवा महामार्गावरील ब्रिटिश काळात बांधलेला दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. राज्य परिवहनाच्या २ गाड्या, जयगडहून व राजापूरहून निघालेल्या, आणि काही खाजगी वाहने त्या अंधारात नदीत गेली. मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती व तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे नंतर सरकारतर्फे सांगण्यात आले. पाहणी खोटी होती असे मानण्याचे कारण नाही; ती मे महिन्याची होती, एवढेच. कोरड्या नदीतील पुलाविषयीचे मत पुराच्या रात्री चालत नाही. त्या रात्री पाण्याच्या पातळीवरून पूल बंद करण्याचे काम ज्याच्याकडे आहे असा मनुष्य पुलावर नव्हता. जवळच्या गॅरेजमधील एका कामगाराने वाहनांचे दिवे पुढे जाऊन नाहीसे होताना पाहिले आणि धावपळ करून खबर दिली. त्याच्याकडे ज्ञान होते, अधिकार नव्हता. पुढे त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला व जून २०१७ मध्ये खुला झाला; म्हणजे पैसा, तंत्रज्ञान व कार्यक्षमता यांची वाण नव्हती.

अपेक्षित बिघाडाच्या व्यवस्थापनातील आणखी एक अडचण सांगितल्याशिवाय विवेचन पुरे होणार नाही, आणि ती समजण्यास संगणकयुगातील एक प्रकरण उपयोगी पडते. वर्षाचे केवळ शेवटचे दोन आकडे साठविण्याची पद्धत असल्याने १ जानेवारी २००० रोजी जगातील संगणक गोंधळतील, ही भीती १९९० नंतरच्या दशकात उद्योगजगतास ग्रासून होती. मुंबई-पुण्याच्या संगणक कंपन्यांना त्या दुरुस्तीचे पुष्कळ काम मिळाले. प्रारंभी अनेक कंपन्यांत हा संगणक विभागाचा किरकोळ प्रश्न समजला गेला. अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने १९९८ साली आपली तयारी व तिचा खर्च भागधारकांपुढे उघड करण्याविषयी कंपन्यांना स्पष्ट मार्गदर्शन दिले, तेव्हा तो खऱ्या अर्थाने संचालक मंडळाचा प्रश्न झाला. नियत दिवस उजाडला, मोठे काही घडले नाही, आणि लगेच म्हणणारे निघाले की खर्च वायाच गेला. प्रतिबंधक खर्चाचे हे दुर्दैव आहे : तो सफल झाला की अनावश्यक ठरतो. कोकण रेल्वेची स्थिती तर याहून अवघड. संगणकांच्या संकटाला एक तारीख होती आणि ती एकदाच यावयाची होती. दरडीला तारीख नाही आणि तिचा ऋतू दर वर्षी येतो. पाच पावसाळे सुखरूप गेले की सहाव्याच्या आगोटीस जाळ्यांचा खर्च हिशेबनिसास डोळ्यांत खुपू लागणे स्वाभाविक आहे, आणि त्यास उत्तर देण्यासाठी त्याच्याच भाषेत मांडता येईल असा आकडा अभियंत्यापाशी नसतो.

उपाय झाले म्हणून बिघाड संपले असे नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पेडणे येथील बोगद्याच्या भिंतीचा काही भाग ढासळला. १४ जुलै २०२४ रोजी विन्हेरे व दिवाणखवटी यांच्या दरम्यान बोगद्याच्या तोंडाशी माती रुळांवर आली आणि वाहतूक सुमारे एक दिवस बंद राहिली. हजारो प्रवाशांचे हाल झाले, परंतु गाडी मातीवर आदळली नाही. २००४ च्या घटनेशी ताडून पाहिल्यास फरक दरडीत नाही. दरड आणि गाडी यांच्या मध्ये काय उभे होते, त्यात आहे.

हे जे मध्ये उभे आहे ते पुढे कोणाच्या सांभाळात राहील, हा प्रश्न अलीकडे निराळ्या मार्गाने उपस्थित झाला. रोहा–वीर टप्प्याचे दुपदरीकरण २०२१ साली आणि संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झाले असले, तरी पुढील विस्तारास लागणारे भांडवल महामंडळाच्या मर्यादित उत्पन्नातून उभे राहणे कठीण होते. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. इतर तीन राज्यांची संमती त्यापूर्वी मिळालेली होती. विलीनीकरणाने भांडवलाची चणचण कमी होईल हे उघड आहे. परंतु छोट्या कंपनीच्या संचालक मंडळापुढे कटिंगची दुरुस्ती हा दरवर्षीचा पहिला विषय असतो; देशव्यापी यंत्रणेच्या अंदाजपत्रकात तो किती खाली जाईल, हे संमतिपत्रात लिहिलेले नसते.

२०२५ सालीच पावसाळी वेळापत्रकाची मुदतही बदलली. ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आखण्यात आले. म्हणजे १४४ दिवसांचे १२८ झाले आणि १६ दिवस वेगाच्या पदरात पडले. वर्षानुवर्षे केलेल्या उतारांच्या कामांवरील विश्वास म्हणून या बदलाकडे पाहता येते, आणि तो विश्वास निराधारही नाही. मात्र त्या वर्षी नैर्ऋत्य मोसमी पाऊस कोकणात २५ मे रोजीच दाखल झाला. तेव्हापासून १५ जूनपर्यंतचे तीन आठवडे छापील वेळापत्रक कोरड्या ऋतूचे होते, आणि माणगावच्या पर्जन्यमापकात पाणी साचू लागले होते.